हंगामापुरती यंत्रं, हंगामापुरती माणसं

वऱ्हाडात जिनिंगच्या धंद्याइतकीच जुनी एक तक्रार आहे: मजूर टिकत नाही. दिवाळीला कामावर लागलेला माणूस संक्रांतीपर्यंत राहीलच असा भरवसा नाही, होळी झाली की तो गावाकडं पाय काढणार, आणि पुढच्या हंगामात तोच परत येईल हेही सांगता येत नाही. या तक्रारीला विद्वानांचाही पाठिंबा मिळाला. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगानं भारतीय कामगार मनानं खेड्यातच राहतो, गरजेनं ढकलला जातो म्हणून तो कारखान्यात येतो, असं चित्र रंगवलं. पुढं समाजशास्त्रात ‘कामगाराची बांधिलकी’ असा एक विषयच झाला. शेतकरी माणूस यंत्राशी एकनिष्ठ का होत नाही, याचं उत्तर त्याच्या जातीत, कुटुंबात आणि गावाच्या ओढीत शोधलं जाऊ लागलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस-कारखान्यांचा इतिहास पाहिला तर हे उत्तर उलट्या टोकानं शोधलेलं दिसतं. माणूस टिकतो की नाही, हे बऱ्याच अंशी मालक यंत्र कसं सांभाळतो त्यावर ठरतं. ज्या यंत्राची काळजी वर्षभर घेतली जाते, त्याच्यापाशी माणूसही वर्षभर ठेवावा लागतो. पाच महिने पिळून उरलेले सात महिने कुलपात ठेवायचं यंत्र असेल, तर त्याच्यापाशी बांधील माणूस निपजणार कसा?

आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. ती काळी जमीन कापसाची होतीच, पण अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६० च्या दशकात तिला जागतिक बाजारात ओढलं. त्या तेजीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कारनॅक नावाचा खास कापूस-आयुक्त नेमला गेला. खामगाव, अमरावती, हिंगणघाट या पेठांना रेल्वे लवकर मिळाली. यवतमाळला मात्र कित्येक दशकं धामणगाव स्टेशन गाठायला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची बैलगाडीची वाट तुडवावी लागे. गाडीत कापूस भरायचा म्हणजे वजनाचा मोठा भाग सरकीचा वाहून न्यायचा, म्हणून सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस पेठेच्या जवळ सरकत आले. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा, घाटंजी अशा गावांच्या कडेला पत्र्याची शेडं आणि धुराडी उभी राहिली. १९१० च्या दशकात किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकारानं मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी आली, तिलाच पुढं लोक शकुंतला म्हणू लागले. गाठी सरळ मुंबईच्या वाटेला लागल्या. एका बाबतीत मात्र जिल्हा मागं राहिला. नागपूर, अकोला, हिंगणघाट, पुलगाव, अचलपूर इथं सूत आणि कापड काढणाऱ्या बारमाही गिरण्या झाल्या. यवतमाळच्या वाट्याला त्या काळात फक्त कापसाची पहिली प्रक्रिया आली, म्हणजे केवळ हंगामी कारखाने.

हे कारखाने यंत्राच्या दृष्टीनं सोपे होते, असं समजण्याचं कारण नाही. जुन्या जिनात एका टोकाला बॉयलर आणि वाफेचं इंजिन असे. तिथून निघालेला लांबलचक शाफ्ट शेडभर फिरे, आणि त्यावरून पट्ट्यांनी एकेक जिन चाले. जिनाचा जीव असतो रोलरमध्ये. चामड्याच्या चकत्या दांड्यावर ओवून, दाबून, तासून हा रोलर तयार होतो. त्याच्या अंगावर तिरप्या खाचा पाडलेल्या असतात. स्थिर सुरी रोलरला घासून बसवलेली असते, हलती सुरी सरकीला ठोकर देत राहते, आणि खाचांच्या खरखरीनं धरलेली रुई रोलरबरोबर पलीकडं ओढली जाते. खाचा झिजल्या की रोलर रुई धरत नाही आणि माल निघणं मंदावतं. सुरीचं अंतर चुकलं की सरकी फुटते, तिच्या टरफलाचे तुकडे रुईत जातात आणि तेलाचे डाग पडतात. सुरी जास्त दाबली तर रोलर तापतो, चामडं जळू लागतं. शाफ्टच्या बेअरिंगला तेल कमी पडलं, किंवा कापसाबरोबर एखादा खिळा आत गेला, तर ठिणगी उडते, आणि रुईच्या ढिगाला ठिणगी म्हणजे काय ते या धंद्यातल्या कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा रोज तेल, दर थोड्या दिवसांनी खाचा, वेळोवेळी सुरीचं सेटिंग आणि हंगाम संपल्यावर पूर्ण खोलाई, इतकी देखभाल या यंत्राला हवीच. प्रश्न एवढाच होता, की ती करायची कुणी आणि तिचे पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे.

कारखान्यात माणसांचे दोन वर्ग पडले ते याच प्रश्नावर. एका बाजूला फिटर, इंजिनवाला, बॉयलरवाला आणि तेलवाला अशी पाच-सात माणसं. दुसऱ्या बाजूला जिनात मूठमूठ कापूस टाकणाऱ्या बाया, ढीग ओढणारे आणि प्रेसवर रुई तुडवणारे मजूर. यांची संख्या कितीतरी मोठी, आणि नेमणूक मुकादमाच्या तोंडी शब्दावर. पहिल्या वर्गातला माणूस सहसा पळून जात नसे. फिटर एकाच जिनाला वर्षानुवर्षं चिकटलेला दिसे, कारण त्या विशिष्ट शाफ्टचं कुरकुरणं आणि त्या विशिष्ट इंजिनाची खोड त्याच्याच हाताला कळे. बॉयलरवाल्याच्या बाबतीत तर कायदाच मधे आला. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यानं बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त बारा महिने ठेवली. ते संपलं की तपासणी, आणि तपासणीसाठी बॉयलर थंड करून, साफ करून, उघडून ठेवायचा. साऱ्या जिनात वर्षातून एकदा सक्तीनं देखभाल होणारी वस्तू कुठली असेल तर ती बॉयलर, आणि ज्याला सहजासहजी बदलता येत नाही असा माणूसही त्याच्यापाशीच उभा असे. हा योगायोग मानायचा असेल तर मानावा. मला तो कार्यकारणाचा धागा वाटतो. पहिल्या वर्गातली माणसंही त्याच मुलखातली होती, त्यांनाही गाव, शेत आणि लग्नसराई होतीच.

मालकांना उरलेल्या यंत्राची इतकी काळजी का नव्हती? कारण नफा यंत्राच्या आरोग्यातून येत नव्हता. तेजीत दिसेल तिथं जिन उभारले गेले आणि लवकरच कापसापेक्षा जिन जास्त झाले. तेव्हा मालकांनी ‘पूल’ केले. गावातल्या कारखान्यांनी दर ठरवून घ्यायचा, काहींनीच चालायचं आणि बंद राहणाऱ्यांनाही वाटा द्यायचा. वऱ्हाड-खानदेशात ही पद्धत इतकी मुरली, की कापसाच्या धंद्याची पाहणी करणाऱ्या सरकारी समित्यांना तिची दखल घ्यावी लागली. कुलूप लावलेला कारखानाही पैसे मिळवून देत असेल, तर रोलर बदलण्याची घाई कशाला? फिटरखेरीज दुसऱ्या कुणाला धरून ठेवण्याची गरज तरी काय? या स्थितीत मजुरानं बांधिलकी दाखवायची ती नेमकी कुणाशी, हा प्रश्न शाही कामगार आयोगापुढं साक्ष देणाऱ्यांनी विचारला असता तर बरं झालं असतं. १९२५ चा कापूस जिनिंग-प्रेसिंग कायदा आला तोही कापसाच्या काळजीनं. गाठीवर प्रेसची खूण हवी, वजनकाटे खरे हवेत, नव्या जिनात कापूस आत यायचं आणि रुई बाहेर जायचं दार वेगळं हवं, प्रेसघराची जमीन फरसबंद हवी. लँकेशायरला घाण रुई नको होती, म्हणून फरशीची आठवण झाली. त्या फरशीवर उभं राहणाऱ्याची त्या कायद्यात फारशी आठवण नाही.

मजुरासाठी जे कायदे झाले, त्यांनी हंगामीपणावर शिक्काच मारला. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना ‘कारखाना’च नव्हता. ही पळवाट १९११ साली बुजली. १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास ठरवले आणि हंगामी कारखान्यात ६०. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं तासांतला हा भेद काढला, पण त्याच साली आलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानं हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि त्या हंगामी कारखान्यांच्या यादीत कापूस जिनिंग आणि कापूस प्रेसिंग ही नावं वरच्या ओळीतच होती. फॅक्टरी कायद्यात भरपगारी रजेला वर्षात २४० दिवस भरायला हवे होते, जिनाचा हंगाम तितका नसेच. औद्योगिक विवाद कायद्यातली ले-ऑफची भरपाई हंगामी आस्थापनांना लागू नव्हती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात बारमाही कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, हंगामी कामगाराला हंगामाला सात दिवसांचा. रजा, विमा, भरपाई, ग्रॅच्युइटी या चारही गोष्टी जगभर माणूस टिकवण्याची साधनं मानल्या जातात, आणि जिनातल्या मजुराला चारही एक तर मिळाल्या नाहीत किंवा अर्ध्या मिळाल्या. तरीही मजूर का टिकत नाही, याचं आश्चर्य व्यक्त होत राहिलं.

इथं एक सरळ आक्षेप येतो. कापूसच पाच महिने येतो, मग कारखाना बारा महिने कसा चालणार? हंगामीपणा पिकानं लादलेला आहे, देखभालीचा त्यात काय संबंध? या आक्षेपाचं उत्तर त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. उमरखेड तालुक्यात पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस हेही हंगामी पीक, गाळपही दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं. पण साखर धंद्यात हंगामी कामगाराला बंद काळात घरबसल्या पगाराचा काही हिस्सा देण्याची रीत आहे. कामगार तिला ‘रिटेन्शन’च म्हणतात. साखर उद्योगाच्या पहिल्या केंद्रीय वेतन मंडळानं १९६० च्या सुमारास तिचं माप घालून दिलं: कुशल कामगाराला पगाराच्या निम्मे, अर्धकुशलाला चौथाई, अकुशलाला दहा टक्के. हे माप फार काही सांगून जातं. शेत, गाव, लग्नं यांची ओढ तिन्ही वर्गांना सारखीच. फरक एकच, की मिलचा रोलर उतरवणं, पॅनच्या नळ्या बदलणं आणि टर्बाइन खोलणं कुणाच्या हातात आहे. ज्याच्या हाताविना पुढचा हंगाम सुरू होणार नाही, त्याला निम्मा पगार देऊन धरून ठेवायचं. साखर कारखान्यांत पावसाळ्यात मिल रोलरचं पूजन होतं, शरदात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग मोळी टाकली जाते. पहिले दोन सोहळे तर दुरुस्तीच्या कामाचेच टप्पे आहेत, त्यांना नारळ आणि हार लाभले इतकंच. जिनाच्या वर्षात असा दुरुस्तीचा सण नाही. तिथं गाजते ती काट्याची पूजा, म्हणजे खरेदी सुरू झाल्याची खूण. हंगाम पिकानं दिला हे खरं, पण हंगाम संपल्यावर माणसाचं काय करायचं हे पिकानं ठरवलेलं नाही. ऊसतोड मजूर मात्र या साऱ्या हिशेबाबाहेर राहिला हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच्या हातात कोयता होता, कारखान्याचं यंत्र नव्हतं. आणि कारखाना कर्जात बुडाला की रिटेन्शनही बुडतं. पोफाळीचा कारखाना अलीकडं काही वर्षं बंद राहिला आणि पुढं भाड्यानं चालवायला द्यावा लागला.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. माणूस आधी टिकेना, म्हणून मालकानं यंत्रावर आणि प्रशिक्षणावर खर्च केला नाही, असं म्हणता येईल. कारण आणि परिणाम यांची जागा बदलून पाहण्याचा हा मुद्दा रास्त आहे. त्याची पारख करायला नागपूरची एम्प्रेस मिल बरी. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. हाताखालचा कामगार बराचसा याच विदर्भातल्या खेड्यांचा, ज्याच्याबद्दल तक्रार होती तोच. सुरुवातीला कुठल्याही दिवशी पाचातला एक जण गैरहजर असे, असं टाटांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. पहिली यंत्रंही हलक्या किमतीची घेतलेली होती, आणि त्यांचा माल त्यांच्यासारखाच निघे. मग टाटांनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी आधी यंत्रं बदलायला घेतली. मेहता रेल्वेच्या मालवाहतुकीतून आलेले. गाडी वेळेवर सुटायची तर शेड नीट चालायला हवी, हे तिथं अंगवळणी पडत असणार. जोडीला जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरचा तंत्रज्ञ होता. १८८० च्या दशकात रिंग स्पिंडल आली, तेव्हा ती मुंबईच्याही बऱ्याच गिरण्यांना नवी होती. हवा खेळती ठेवण्याची, दमटपणा सांभाळण्याची आणि आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची सोय झाली. नियमित हजेरीला बक्षिसं आली. १८८६ साली पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. खेडं तेच राहिलं, शेत तेच राहिलं, बदललं ते कारखान्याच्या आतलं वातावरण. पेन्शनच्या आमिषानंच माणूस टिकला, यंत्राचा त्यात भाग नाही, असं कुणी म्हणेल. पण महागडं यंत्र घेतल्यावरच सरावाचा हात मोलाचा झाला, आणि हात मोलाचा झाल्यावरच त्याला पेन्शनीनं बांधण्याचा हिशेब जमला. मॉरिस डी. मॉरिस या अमेरिकी इतिहासकारानं १९६५ साली मुंबईच्या गिरण्यांवर लिहिताना असंच म्हटलं, की अस्थिरतेचं मूळ कामगाराच्या खेडवळपणात नसून व्यवस्थापनाच्या धोरणात होतं. त्यानं मुख्यतः भरती आणि शिस्त पाहिली. विदर्भात पाहणाऱ्याला तेलाचा डबाही पाहावा लागतो.

देखभाल म्हटली की ती कामगाराच्या भल्याचीच, असं मात्र नाही. मुंबईत १८८० च्या दशकात गिरण्या रविवारी बंद असल्या तरी यंत्रं पुसायला कामगारांना बोलावलं जाई, आणि सुट्टीचा बराचसा भाग त्यातच जाई. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडं नेलं, त्यात रविवारची पुरी सुट्टी ही मागणी होती. १८९० साली ती मान्य झाली. यंत्र स्वच्छ ठेवायचं, पण त्याचा वेळ कामगाराच्या सुट्टीतून कापायचा, अशा देखभालीनं कामगार कारखान्याला विटतोच. कामाच्या नगावर मजुरी असेल तर दुसरी मेख. खाचा झिजलेल्या रोलरवर दिवसभर राबूनही माल कमी निघतो, म्हणजे मालकानं टाळलेल्या दुरुस्तीचा दंड मजुरीतून वसूल होतो. पट्टा तुटून दोन तास काम थांबलं, तर ते दोन तास कुणाचे? माझा मुद्दा म्हणून केवळ चकचकीत यंत्राचा नाही. देखभालीचा वेळ कामाचा वेळ म्हणून मोजला जातो का, तिचं ज्ञान कामगाराच्या हाती येतं का, आणि ते आल्यावर त्याचा दर्जा वाढतो का, या तीन गोष्टींवर गाडी अडते. जपानी कारखान्यांनी १९७० च्या दशकात यंत्र चालवणाऱ्यालाच त्याची रोजची काळजी घ्यायला शिकवण्याची पद्धत गाजवली. ती तिथं रुजली, कारण तिथल्या मोठ्या कारखान्यांत कामगाराला नोकरीची शाश्वती आधीच होती. शाश्वती न देता नुसती झाडपूस मागणं ही मुंबईच्या रविवारचीच पुनरावृत्ती होईल.

यवतमाळच्या जिनांना पुढची दोन वळणं सरकारनं दिली. पहिलं वळण खुद्द पुसदच्या मातीतल्या मुख्यमंत्र्यांच्या काळात आलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याला हमी मिळाली हे तिचं श्रेय कुणी नाकारू नये. पण जिनमालक आता ठरलेल्या दरानं सरकारी कापसाची सरकी काढून देणारा कंत्राटदार झाला. रुई स्वच्छ निघाली म्हणून त्याला जास्त मिळणार नव्हतं, मळकट निघाली म्हणून फारसं कमी होणार नव्हतं. साहजिकच जुनी यंत्रं ठिगळं लावून ओढली गेली. दुसरं वळण फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानानं दिलं. त्याच्या चौथ्या भागात जिन-प्रेसच्या आधुनिकीकरणाला अनुदान होतं. डबल रोलर जिन, कापूस आपोआप पोचवणारी यंत्रणा, रुई वाहणारे पट्टे, स्वयंचलित प्रेस आणि पक्की अंगणं आली. नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात फिटर आणि व्यवस्थापक शिकून जाऊ लागले. देखभाल पहिल्यांदा शिकण्याजोगी विद्या ठरली, आणि ती शिकलेल्या फिटरला जिन-जिन विचारू लागलं.

पण याच वळणावर माझ्या मांडणीला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट घडली. यंत्र सुधारलं आणि जिनात कापूस टाकणाऱ्या बाया कामावरून गेल्या. टिकायला सर्वांत कमी कारण जिला होतं, तिला सुधारणेनं टिकवलं नाही, काढलं. देखभाल आणि बांधिलकी यांचं नातं इथं तुटतं का? मला वाटतं, ते किती आधीपासून अडवलेलं होतं हे इथं दिसतं. जिनापाशी पिढ्यानपिढ्या उभी राहिलेली बाई रोलरचा आवाज बदलला की ओळखत असणार, सरकी फुटू लागली की पहिल्यांदा तिलाच दिसत असणार. पण तिच्या हाती पाना कधी आला नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या २२ व्या कलमानं चालत्या यंत्राला तेल देण्याचं आणि ते तपासण्याचं काम खास शिकवलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषापुरतं ठेवलं. २७ व्या कलमानं प्रेस-कारखान्यात कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राच्या खोलीतून बायकांना बाहेर ठेवलं, मधे छतापर्यंत भिंत असेल तरच सूट. पदर पट्ट्यात अडकून होणारे अपघात खरे होते, आणि संरक्षणाचा हेतू खोटा नव्हता. पण तेलाच्या डब्यापासून फिटरपणाकडं जाणारी जी एकच वाट जिनात होती, ती याच कलमांनी बाईसाठी बंद झाली. यंत्र थांबवून सेटिंग शिकवायला कायद्यानं कुणाला अडवलं नव्हतं, मालकांना आणि मुकादमांना ते सुचलं नाही. आधुनिकीकरण आलं तेव्हा ज्यांना यंत्राचं आतलं काही ठाऊक होतं ते राहिले, आणि ज्यांना जाणीवपूर्वक बाहेर ठेवलं होतं त्या गेल्या.

शकुंतला गाडीचं उदाहरण या हिशेबात बसतं, आणि थोडं बोचतंही. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन या मार्गावर १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. सत्तर वर्षं वाफेचं इंजिन चालतं ते रोज राख काढून, नळ्या साफ करून, गळती बुजवून. हे काम पिढीजात हातांशिवाय होत नाही, आणि रेल्वेच्या नोकरीत ते हात टिकले, कारण तिथं दुरुस्ती हीच बारमाही नोकरी होती. रुळांचं नशीब मात्र वेगळं निघालं. मार्गाची मालकी खासगी कंपनीकडं आणि गाडी चालवणारी भारतीय रेल्वे, त्यामुळं खडी-स्लीपरवर खर्च कुणी करायचा हे कायम लोंबकळत राहिलं. वेग उतरत गेला, शेवटी गाडी थांबली. एकाच मार्गावर इंजिनाला धनी होता आणि रुळाला नव्हता. तसंच यवतमाळच्या जिनांत आजही फिटरचं नाव हजेरीपटावर बारा महिने असतं, आणि ढिगावरचे मजूर ठेकेदाराच्या वहीत असतात. ऑफ सीझनमध्ये रोलर उतरवण्याच्या कामावर त्यांतल्या काहींना ठेवलं, खाच पाडायला शिकवलं, तर त्यांच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब सात दिवसांवरून पंधरावर जाईल. खर्चाचा हा आकडा कुठल्याही जिनमालकाला हिशेबनीस अर्ध्या तासात काढून देईल, आणि त्याच कागदावर दर हंगामाला नवा मजूर आणण्यासाठी ठेकेदाराला दिलेली उचलही लिहिता येईल.